चिंचेखालचा थांबा

आबांनी तीस वर्षं रावेरहून दिल्लीला केळीचा ट्रक नेला. दोन-दोन तासांनी सावलीत थांबायचं, ताडपत्री सारून घड तापलेत का ते हात लावून बघायचं. येताना ट्रक रिकामा, तेव्हा थांबणं नाही.

आईला ऑपरेशनसाठी कारने दिल्लीला न्यायचं ठरलं, तेव्हा मी मोबाइलवर चांगली हॉटेलं शोधली. आबांनी ती धुडकावून आपली नेहमीची झाडं सांगितली. प्रत्येक झाडाखाली ते मागचं दार उघडून आईच्या कपाळाला हात लावायचे. उशीर होतोय म्हणून मी चिडायचो.

आई दिल्लीतच गेली. परतताना त्यांच्या चिंचेखाली मी न सांगता गाडी उभी केली.

"चाल," आबा म्हणाले, "गाडी रिकामी शे."