गच्चीची किल्ली

शाळेत त्यांना सगळे चिडीचूपबाई म्हणायचे. तोंडावर नाही हो, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं पुढे पोचायला कितीसा वेळ लागतो? वाचनालयात लागल्या तेव्हापासून ओठांवर बोट ठेवायचं आणि डोळे वटारायचे, हेच त्यांचं काम. कुणी पान जोरात उलटलं तरी बाईंची मान वळायची. पुढे मुलांच्या हातात फोन आले, वाचनालय ओस पडलं आणि गप्प करायलासुद्धा कुणी उरेना. मग काय, धूळ झटकायची, खुर्च्या सरळ करायच्या आणि परत धूळ झटकायची.

अशा बाईंच्या गळ्यात मुख्याध्यापिकेनं, म्हणजे मोठ्या मॅडमनी, एक नवीनच काम मारलं. झालं होतं असं, की बाहेरच्या त्या जगभर पसरलेल्या ॲपांवर शाळेतली पोरं नको तेवढी रमली होती. कुणाचा फोटो विद्रूप होऊन गावभर फिरला. कुणाशी भलताच बाप्या शाळकरी पोर बनून गोड गोड बोलत राहिला. तेव्हा शाळेनं ठरवलं, आपल्या मुलांपुरतं आपलंच एक काढू. तिथं बाहेरचं कुणी शिरणार नाही, जाहिराती नाहीत, कुणाला किती जणांनी पसंत केलं त्याचे आकडेही नाहीत. मुलांनी मतदान करून त्याचं नाव ठेवलं ‘गच्ची’. आणि गच्चीवर लक्ष कुणी ठेवायचं? तर जिला दुसरं काम नाही तिनं.

“मला यातलं ओ की ठो कळत नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्हाला मुलं कळतात,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. आता हे काही खरं नव्हतं. बाईंना मुलं फक्त गप्प बसवता यायची. पण मोठ्या माणसानं केलेलं कौतुक कोण परत करतं?

ज्या कंपनीनं गच्ची बांधून दिली तिचा माणूस समजावून सांगायला आला. सगळ्यांना दिसणारं जे काही मुलं लिहितील, ते आधी बाईंच्या नजरेखालून जाणार. दोघांतले खासगी निरोप मात्र कुलपात. त्याची किल्ली एकट्या बाईंकडे, आणि ती वापरायची कधी, तर एखाद्या मुलानं ‘मदत’ असं लिहिलेलं लाल बटण दाबलं तरच.

“आणि मी उगाचच उघडून वाचलं तर?” बाईंनी विचारलं.

“कुणाला कळणारही नाही,” तो खुशीत म्हणाला.

बाई खुर्चीतून उठल्याच. “मग ते चालायचं नाही. किल्ली लावली की त्या निरोपाशेजारी किल्लीचं चित्र उमटलं पाहिजे. लिहिणाऱ्यालाही दिसलं पाहिजे आणि वाचणाऱ्यालाही. आणि ते मला पुसता येता कामा नये.”

“अहो, स्वतःच्याच पायात बेडी का घालून घेताय?”

“कुणी कुठलं पुस्तक नेलं हे मी आजवर कुणाच्या आईबापाला सांगितलेलं नाही. इथंही तसंच,” बाई म्हणाल्या. त्यानं मान हलवली आणि तसं करून दिलं.

मुलं म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेली. सभागृहात बाईंनी हे सगळं सांगितलं तर एकाचाही विश्वास बसेना. मागून कुणीतरी ओरडलं, “शपथ?”

“माझ्या लेकीची शपथ,” बाई म्हणाल्या.

लेक तिथंच बसली होती, नववीच्या रांगेत. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. अख्खं सभागृह हसलं, आणि त्या हसण्यानंच गच्चीचं दार उघडलं म्हणायचं.

काय रंगली हो ती गच्ची! विनोद, भांडणं, गणिताच्या सरांची चित्रं, मांजरीच्या पिल्लांना घर शोधणं. आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प करणाऱ्या बाई रिकाम्या वाचनालयात एकट्याच खो खो हसायच्या. एकदा सहावीतल्या एका मुलीनं लाल बटण दाबलं. बाहेरच्या ॲपवरचा कुणी तिच्याकडे फोटो मागत होता, धमक्या देत होता, आणि तिनं ते फक्त मैत्रिणीला लिहिलं होतं. बाईंनी किल्ली लावली, वाचलं, आणि तडक वर्गात जाऊन तिचा हात धरला. पालक आले, पोलीस आले, तो माणूस सापडला. आठवड्याभरात ती मुलगी पुन्हा मैदानात दोरीवरच्या उड्या मारताना दिसली. बाई खिडकीतून बघत राहिल्या. जन्माचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं, आणि का वाटू नये?

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शाळेतल्या सगळ्या पोरांचं ज्यांना कळायचं, त्यांना घरातली लेक कळेना. ती बोलेनाशी झाली. डबा अर्धा परत आणायची. शाळेतून आली की आपल्या खोलीत जायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

बाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. साधा माणूस, पण नजर चांगली. तो म्हणाला, “अगं, विचार ना तिलाच.”

“विचारलं की बिथरेल. सांगेल आपणहून,” बाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्यांना उत्तराची भीती वाटत होती. गच्चीवर त्यांनी काय काय वाचलं होतं! त्यातलं एकेक आपल्या लेकीच्या नावावर लावून बघायचं आणि घाबरायचं, असं चाललं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती.

शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, बाईंनी वाचनालयाचं दार लोटून घेतलं. बाहेर पोरांचा कल्ला चालला होता. बाईंनी लेकीचं नाव शोधलं आणि किल्ली लावली. ते चित्र उमटणार हे त्यांना ठाऊक नव्हतं का? होतं की. त्यांनीच तर मागून घेतलं होतं. पण आईचं काळीज एकदा धावत सुटलं, की पायातली बेडी आठवते ती तोंडघशी पडल्यावर.

लेकीनं बाकावरच्या मैत्रिणीला लिहिलं होतं: “आज परत मला खबरी म्हणाले. म्हणे तुझी आई आमचं सगळं वाचते आणि तू तिला पुरवतेस. डबा खायला कुणी जवळ बसू देईना. पण मी ऐकून नाही घेतलं, चांगली भांडले. म्हटलं, माझी आई तसलं कधीच करणार नाही. तिनं माझी शपथ घेतलीय.”

आणि त्या ओळीशेजारी किल्ली उमटली. लहानशी, पिवळी.

बाईंनी संगणकाचा पडदा बंद केला, परत चालू केला. किल्ली तिथंच. त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. “ते किल्लीचं चित्र... पुसता येईल का हो?”

तो हळूच म्हणाला, “बाई, तुम्हीच तर...”

संध्याकाळी लेक घरी आली. तिनं आदळआपट केली असती, चार शब्द सुनावले असते, तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं बूट जागेवर ठेवले, हातपाय धुतले.

“अगं, काळजीपोटी गं...” बाई म्हणाल्या.

“मी बटण दाबलं नव्हतं, आई,” लेक म्हणाली. एवढंच.

मैत्रिणीनंही ती किल्ली पाहिली होती. दुसऱ्या दिवशी शाळाभर झालं: कुंपणानंच शेत खाल्लं. बाई सभागृहात उभ्या राहिल्या. चूक कबूल केली, माफी मागितली, किल्ली मोठ्या मॅडमच्या हवाली केली. एकही पोर हसलं नाही, ओरडलं नाही. इतकी शांतता बाईंना वाचनालयात कधी मिळाली नव्हती, आणि ती त्यांना सोसवेना. मग गच्ची रिकामी होत गेली. भांडणं बंद, मांजरीची पिल्लं बंद. राहिलं काय, तर परीक्षेचं वेळापत्रक. पोरं गेली परत बाहेरच्या त्या ॲपांवर, जिथं लाल बटण नाही आणि हात धरायला कुणी येत नाही. सहावीतली ती दोरीवाली मुलगीसुद्धा गेली. ते बाईंनी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आणि लेक? तीही गेलीच की. तिला खबरी म्हणणारे आता तिच्या शेजारी बसून डबा खातात, कारण आई काय चीज आहे हे तिच्याइतकं कुणाला कळलंय? पोरांचा न्याय असतो असा.

परवा बाई ओट्याशी मटार सोलत बसल्या होत्या. लेक टेबलापाशी फोन बघत होती. बघता बघता तिचा चेहरा उतरला. तिनं फोन पालथा ठेवला. बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. कोण होतं तिथं? काय लिहिलं असेल? त्या दाराची किल्ली ना बाईंकडे होती, ना मोठ्या मॅडमकडे. जगात कुणाकडेच नव्हती.

बाई उठल्या, हात पुसले, जवळ गेल्या. “काय झालं, राणी? मला सांगशील?”

लेकीनं वर पाहिलं. रागावून नाही. राग केव्हाच गेला होता, आणि तेच वाईट होतं.

“हे तू तेव्हा विचारलं असतंस ना, आई, तर मी सगळं सांगितलं असतं,” ती म्हणाली. फोन उचलून ती आपल्या खोलीत गेली आणि तिनं आवाज न करता दार लावून घेतलं.