कडकच्या जागी कम्प्युटर

खरं सांगा, तुम्ही न केलेल्या कामाची शाबासकी चारचौघांत तुमच्या पदरात पडली, तर ती तिथल्या तिथे परत कराल? 'हो' म्हणायची घाई करू नका. धुलाईखात्यात जिला सगळ्या 'कडक' म्हणायच्या, तिलाही आयुष्यभर हेच वाटत आलं होतं, की आपण परत करू. जिने सुपरवायझरबाईला तोंडावर "हातमोजे फाटलेत, आधी ते आणा, मग आमच्या चादरी मोजा" असं ऐकवलं होतं, ती बाई मोबाइलवरच्या एका खेळातल्या शाबासकीपुढे मूग गिळून बसेल, यावर धुलाईखात्यातल्या कुणाचाच विश्वास बसला नसता.

धुलाईखातं इस्पितळाच्या तळघरात. वरच्या सात मजल्यांवरच्या मळक्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे ट्रॉल्यांतून खाली येतात. एका टोकाला धुलाईचे ड्रम, मधे वाफेचा रोलर आणि रोलरच्या तोंडाशी घडी घालणाऱ्या दोघी. चादर गरमागरम बाहेर आली की एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन. एक झटका, टोकाला टोक, दोन पावलं पुढे, आणि आपले कोपरे दुसरीच्या हातात. दिवसातून साडेतीनशे वेळा. कडकने हे अकरा वर्षं एकाच बाईबरोबर केलं होतं. तिला ती 'समोरची' म्हणायची. दोघींनी सासवांची भांडणं, मुलांचे निकाल, दाढदुखी, सगळं त्या दोन पावलांच्या अंतरात निस्तरलं. समोरचीने खांदा उचलला की झटका कधी येणार ते कडकच्या मनगटाला आधी कळायचं.

मग नवी आली. तिशीची, हसरी, रोलरमध्ये चादरी सारायच्या कामावर. आल्या आल्या तिने जेवणाच्या सुट्टीत एक खेळ सुरू केला. चार जणींनी मिळून दुसऱ्या चौघांशी लढायचं. मधे एक गोदाम. ते जास्त वेळ ज्यांच्या ताब्यात, ते जिंकले. गोळी लागून कुणी पडलं, तर सोबतच्याने जवळ जाऊन औषध द्यायचं, की ते उठतं. नवी, समोरची आणि ड्रमवाली अशा तिघी खेळायच्या. चौथी जागा रिकामी असायची, तिथे कम्प्युटर आपला एक गडी बसवायचा.

कडकने आठ दिवस नाक मुरडलं. "पोरखेळ. जेवा नीट, पचणार नाही." पण समोरची आता बाकाच्या त्या टोकाला नवीच्या खांद्याला खांदा लावून बसायची, आणि जे हसायची, ते कडकने अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. कडकच्या पोटात दुखायला लागलं. नवव्या दिवशी तिने फोन पुढे केला.

"घाल बाई यात तुझा तो खेळ."

नवीने खेळ घातला आणि नाव विचारलं. ड्रमवाली म्हणाली, "विचारतेस काय? कडक लिही."

पहिल्याच दिवशी कडक दोनदा भिंतीला धडकली आणि एकदा समोरचीलाच गोळी घालायला धावली. "अगं, मी आहे मी!" समोरची ओरडली. नवी हसू दाबत म्हणाली, "काकू, तुम्ही असं करा, थोडे दिवस कम्प्युटरशी सराव करा. सरावाचे सामने असतात त्यात. कुणी रागावत नाही, काही नाही."

"काकू कुणाला म्हणतेस?"

"बरं, ताई. पण सराव करा."

"कर गं सराव," समोरचीही म्हणाली. नवीचं बोलणं कडकला परवडलं असतं, हे नाही.

मग कडक सरावाला लागली. सकाळी बसथांब्यावर, संध्याकाळी भाजी शिजेपर्यंत. दोन दिवसांत ती त्या सरावाला विटली. समोरचे चारही गडी कम्प्युटरचे, सरावापुरते मुद्दाम मठ्ठ ठेवलेले. दोन दारातून यायचे, एक जिन्यावरून, आणि चौथा दर वेळी त्याच पिंपामागे अडकून भिंतीशी पाय घासत बसायचा. जिन्यावरचा बरोबर पाच आकडे मोजले की उतरायचा. कडक मोजायची आणि उडवायची. आपल्या बाजूचे तिघे त्याहून वाईट. अंगावर ओरखडा नसताना औषधाची पेटी उचलून न्यायचे, आणि ती पडली की तिला ओलांडून पुढे जायचे.

"अरे ए खांबा, मी पडलेय इथे! दिसत नाही?"

"चला, पुढे चला!" खांब आनंदाने म्हणायचा. त्याला दुसरं वाक्यच येत नव्हतं.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "एवढी बोलतेस त्याला, त्याला कान तरी आहेत का?"

"नाहीत, म्हणूनच तोंड दुखतंय."

"मग मला बोल. मला निदान अर्धं ऐकू येतं."

एकदा तिने फोन ओट्यावर ठेवला आणि सगळा सामना होईपर्यंत काकड्या चिरल्या. सामना जिंकला. पडद्यावर सोनेरी अक्षरांत आलं, 'उत्कृष्ट खेळी, कडक!' तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आजवरच्या सत्तर 'उत्कृष्ट खेळी'सुद्धा काकड्याच होत्या. हरली तर कुणी हसत नाही, जिंकली तर कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. असल्या जिंकण्याचं करायचं काय?

तरी तीन आठवड्यांनी ती बाकावर जाऊन बसली. "घ्या मला. जिन्यावरचा माझा."

घेतलं. कडकने जिन्यावर बंदूक रोखली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन...

"कडक, मागे! गच्चीवरून आलेत!"

"थांब, आत्ता येईल... चार..."

कोणीही जिन्यावरून आलं नाही. खऱ्या माणसांना कोण सांगणार, पाचाला उतरा म्हणून? ती पडली. नवी म्हणाली, "ताई, तुम्ही मोजत काय होतात?" ड्रमवालीला हसता हसता ठसका लागला. समोरची एवढंच म्हणाली, "तुझ्यापेक्षा तो कम्प्युटर बरा होता गं." थट्टेतच म्हणाली. पण त्या दुपारी कडकने चादरीला असा झटका दिला की समोरचीच्या हातातून कोपरे निसटले.

दोन दिवसांनी तो प्रकार घडला. सामना सुरू होऊन मिनिट झालं नसेल, तेवढ्यात सुपरवायझरबाईंनी हाक मारली. पाचव्या मजल्यावर झगे संपलेत, आत्ताच्या आत्ता ट्रॉली हवी. कडकने फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि ट्रॉली घेऊन लिफ्टमध्ये शिरली. लिफ्टमध्ये नेट जातं. ती दहा मिनिटांनी खाली आली, तर तिघी टाळ्या वाजवत उभ्या. त्या खेळात इतक्या बुडाल्या होत्या की बाकाचं टोक रिकामं झालेलंही त्यांनी पाहिलं नव्हतं.

"कडक! अगं काय खेळलीस आज!" समोरचीने तिचा दंडच धरला. "दार सोडलं नाहीस की इकडेतिकडे पळाली नाहीस. मला तर वाटलं, हिच्या अंगात कोण आलं?"

"ताई, सराव कामी आला बघा," नवी म्हणाली.

कडकने फोन काढला. तिच्या नावाखाली बारीक करड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'संपर्क तुटला. उरलेला सामना कम्प्युटरने खेळला.' तिने वाचलं. समोरचीचा हात अजून दंडावर होता. किती दिवसांनी होता!

"हो," कडक म्हणाली. "आला कामी."

ते खोटं तिला चावत नव्हतं. चावत होतं ते दुसरंच. नवीचा हेवा समजण्यासारखा होता. नवी तरुण, तिची बोटं चपळ, शिवाय तिचाही पाय घसरतो, तिचीही आई आजारी पडते. पण हा? ज्याला कान नाहीत, ज्याच्यासमोर सत्तर वेळा ती एकटी वेड्यासारखी बडबडली, तो तिचंच नाव लावून तिच्याच मैत्रिणीची शाबासकी लाटून गेला. आणि तिनेच ती घरी आणली. सवतीचं लुगडं नेसून मिरवावं, तसं तिला वाटलं.

खोटं चार दिवस टिकलं. इस्पितळातल्या कामगारांच्या स्पर्धा लागल्या. कॅरम, रस्सीखेच आणि या वर्षी हा खेळ. धुलाईखातं विरुद्ध स्वयंपाकघर, शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत. समोरचीने चार नावं दिली, त्यात कडकचं. बुधवारी रंगीत तालीम झाली. कडक गोदाम सोडून पळाली, चुकीच्या दाराने परत आली आणि पडली.

"अगं त्या दिवशीसारखी खेळ ना!" समोरची वैतागली. "मुद्दाम करतेस का?"

"त्या दिवशी मी नव्हतेच!" कडकच्या तोंडून निघून गेलं. "मी पाचव्या मजल्यावर झगे देत होते. तो कम्प्युटर होता. झालं समाधान?"

ड्रमवालीने पाण्याची बाटली तोंडाजवळ नेली होती, ती तशीच राहिली. मग नवी फसकन हसली, मग सगळ्याच. समोरची हसली नाही. पण दुपारी घडी घालताना, कोपरे जवळ आले तेव्हा, हळूच म्हणाली,

"राग मानू नकोस. शुक्रवारी एक करशील?"

"काय?"

"सामना सुरू झाला की तुझं नेट बंद कर."

कडकच्या हातातली चादर लोंबली.

"नाव तुझंच राहील गं. फळ्यावर फोटो लागेल, त्यात तू असशीलच. स्वयंपाकघरवाले गेल्या वर्षीपासून रस्सीखेचीवरून टोमणे मारतात. एकदा त्यांची जिरवू दे. तुला काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं."

"नियमात बसतं हे?"

"नियमात कुठे लिहिलंय, नेट जाऊ नये म्हणून?"

कडकला पुष्कळ बोलता आलं असतं. पण नाही म्हटलं तर जागाच जाते. हो म्हटलं तर निदान बाकावर, समोरचीच्या शेजारी बसता येतं. "बरं," ती म्हणाली.

शुक्रवारी कॅन्टीन गच्च भरलं. स्वयंपाकघराचे चौघे टोप्या घालूनच आले होते. त्यांचा मुख्य आचारी, पोट टेबलाला टेकवून, म्हणाला, "काय, धोबीघाट? आज सुकायला घालू का तुम्हाला?"

"आधी तुझं वरण घट्ट कर," ड्रमवाली म्हणाली.

सामना सुरू झाला. कडकने नेट बंद केलं. तिच्या पडद्यावर एक चक्र गरगरायला लागलं. तिने मान वळवून समोरचीच्या पडद्यावर पाहिलं. तिथे 'कडक' गोदामाच्या दारात उभी होती. स्वस्थ, सरळ, एका जागी. गच्चीवरून आला, उडवला. जिन्यावरून आला, उडवला.

"शाबास गं राणी," समोरची पुटपुटली. "अशीच राहा. दार सोडू नकोस. माझी शहाणी ती."

राणी! अकरा वर्षं. साडेतीनशे चादरी रोज. त्यात एकदाही राणी नाही, शहाणी नाही. आणि ही पाहत होती कुठे? पडद्यात. कडकचं कोपर तिच्या कोपराला लागत होतं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. कडकचे कान तापले. दीड मिनिट उरलं होतं आणि धुलाईखातं काही सेकंदांनी पुढे होतं. जिंकणार होतं. फळ्यावर फोटो लागणार होता, आणि येणारा-जाणारा म्हणणार होता, वा, कडकने दार राखलं.

तिने नेट सुरू केलं.

चक्र थांबलं. दार, जिना, गच्ची, सगळं एकदम अंगावर आलं. आता ती होती. आचारी बाहेरच्या अंगाने आला आणि समोरची पडली. "पडले!" ती किंचाळली. बाकावरची आणि पडद्यातली, दोघीही. कडकने विचार केला नाही. दार सोडलं, उडी मारून अंगणात आली, औषधाची पेटी उघडली. समोरची उठली. आणि मागच्या मागे मोकळ्या दारातून दोन टोप्या आत शिरल्या. गोदाम गेलं. शेवटचं मिनिट त्यांनी आतूनच काढलं.

"हरलात!" आचाऱ्याने टेबल बडवलं. कडकने त्याला जे म्हटलं ते इथे छापता येत नाही. नवीने फोन मांडीवर आपटला. "ताई, का? का पण?" आणि समोरची उठून सरळ तळघराच्या जिन्याकडे निघाली.

दुपारी चादरी नेहमीइतक्याच होत्या. पहिल्या दोन ट्रॉल्यांना समोरची नुसती झटका देत होती, कोपरे देत होती, डोळे मात्र रोलरवर. तिसऱ्या ट्रॉलीला तिचा बांध फुटला.

"दार का सोडलंस?"

"तू पडलीस म्हणून."

"पडले तर पडले! मला उचलायला यायचं नसतं, गोदाम धरायचं असतं. हजार वेळा सांगितलं!"

"कुणाला सांगितलंस हजार वेळा?" कडकने चादर ओढून धरली. "मला? मला एकदा तरी सांगितलंस? मला 'सराव कर' म्हणालीस, 'नेट बंद कर' म्हणालीस. दार सोडू नकोस, हे त्याला सांगत होतीस. राणी म्हणून. मी शेजारी बसले होते, मला म्हणाली असतीस तर मी मरेपर्यंत हलले नसते."

रोलर फुसफुसत राहिला. पुढची चादर बाहेर येऊन खाली घसरायला लागली, तरी दोघी हलल्या नाहीत. पलीकडून नवी ओरडली, "चादर! ताई, चादर!"

"येतोय गं!" दोघी एकदम ओरडल्या.

समोरचीने खाली वाकून कोपरे उचलले. "राणी म्हणायला तू काय लहान आहेस?" ती म्हणाली. मग दोन पावलं पुढे आली, कोपरे कडकच्या हातात दिले आणि हात जरा तिथेच ठेवला. "उद्या डबा लवकर संपव. जिना, गच्ची, दार, सगळं दाखवते. नवीला नको सांगायला. दोघीच बसू."

कडकने मान हलवली. दोघीच, हा शब्द तिने घरी जाईपर्यंत बसमध्ये किती वेळा मनात घोळवला, ते विचारू नका. नवीचा हेवा गेला का? छे. उलट आता तिला नवीपेक्षा पुढे जायचं होतं.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या खेळात, कामात, घरात एखादं माणूस वारंवार चुकत असेल, तर त्याला मशीनपुढे सरावाला बसवून मोकळे होऊ नका आणि त्याच्या नावावर मशीनचं काम खपवू नका. त्याच्या शेजारी बसा, काय करायचं ते त्याला तोंडाने सांगा, आणि मग हरलात तर त्याच्यासकट हरा.