काढ्याचा आळ

आमच्या सासरी कुणी बाहेर पडताना घरातलं माणूस शिंकलं, तर जाणाऱ्यानं परत आत यायचं, चपला काढायच्या, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. लग्न होऊन घाटकोपरहून मी मुलुंडला आले, तेव्हा मला याची गंमत वाटायची. पहिल्या गणपतींनंतर ती संपली. आमच्या इमारतीमागे डोंगरापर्यंत मोकळी जागा होती. पावसाळा सरता सरता तिथे छातीएवढं गवत माजायचं, त्याला तुरे यायचे आणि सकाळचा वारा सुटला की मला शिंका लागायच्या. एकदोन नाहीत, चांगल्या पंधरा-वीस, ओळीनं. डोळ्यांतून पाणी आणि टाळूला कंड.

त्यापुढच्या वर्षी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मी पाच महिन्यांची गरोदर होते आणि शिंका आणखी वाढल्या होत्या. सासरे विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. कंपनीची बस सकाळी नाक्यावर यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. ते उंबऱ्याबाहेर पाय टाकायचे आणि आत मी शिंकायचे. ते परत यायचे, चपला काढायचे, स्टुलावर बसून पाणी प्यायचे. उठले की मी पुन्हा शिंकायचे. स्वयंपाकघरात तोंडात पदराचा बोळा कोंबून उभी राहायचे, तरी शिंक फुटायचीच. त्या आठवड्यात दोनदा त्यांची बस चुकली. ते मला चकार शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला सोसवेना. नवरा मात्र म्हणाला, "जरा दाबून धर ना यार, पाचच मिनिटांचा तर प्रश्न आहे." त्याला पाच मिनिटं शिंक दाबून दाखव म्हणावं, असं मनात आलं होतं.

सासूबाईंकडे यावर काढा होता. गॅलरीत पत्र्याच्या डब्यात त्यांनी गावाहून आणलेला गवती चहा लावला होता. त्याची पात, आलं, तुळस, दोन मिरी आणि गूळ. आमच्या इमारतीत कुणाचंही नाक वाहू लागलं की वाटी घेऊन माणूस आमच्या दारात. त्यांना त्याचा फार अभिमान होता. मला रोज सकाळी अर्धा कप मिळायचा. घशाला बरं वाटायचं, शिंका होत्या तिथेच.

शेवटी एका दुपारी भाजी आणायला म्हणून निघाले आणि केमिस्टकडे गेले. पोटासमोर पिशवी धरली होती. "मिस्टरांना सर्दी झालीय, शिंका थांबत नाहीत," असं सांगितलं. त्यानं पिवळ्या गोळ्यांची पट्टी दिली. ती मी शिवणाच्या डब्यात, बटणांखाली ठेवली.

संध्याकाळपर्यंत शिंका बंद. दुसऱ्या दिवशी सासरे एका दमात निघाले, जिन्यात क्षणभर थांबून त्यांनी कानोसा घेतला आणि गेले. सासूबाईंचा चेहरा काय फुलला होता. "बघ, लागू पडला," त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत त्यांनी ते चारही मजल्यांवर सांगितलं. मी हसले. तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. म्हटलं, त्यांनाही बरं वाटतंय, मलाही बरं वाटतंय.

एक गोळी पुरेना म्हणून दुपारी दुसरी घेऊ लागले, मग संध्याकाळी तिसरी. तोंडाला कोरड पडायची. मेथी निवडता निवडता बसल्या जागी डोळा लागायचा. एकदा समोर दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी मी भिंतीला टेकून झोपलेली. सासूबाईंनी गॅस बंद केला आणि मला हलवून जागं केलं. मलाही भीती वाटू लागली होती, कारण पोटातली हालचाल दुपारी मला जाणवेनाशी झाली होती. ती खरंच कमी झाली होती की मीच झोपेत होते, कळायला मार्ग नव्हता.

त्या मला ओढतच प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. डॉक्टरबाई वयानं मोठ्या आणि फटकळ होत्या. त्यांनी विचारलं, "काही औषध घेता का? सर्दीचं, झोपेचं, कसलंही?"

सासूबाई शेजारच्या खुर्चीवर होत्या. मी म्हटलं, "नाही."

"औषध नाही हो," सासूबाई भाबडेपणानं म्हणाल्या, "मी काढा देते फक्त. घरचाच." आणि त्यात काय काय असतं ते त्यांनी कौतुकानं सांगितलं.

डॉक्टरबाई त्यांच्यावर उसळल्या. गरोदर बाईला मनानं काहीबाही पाजायला कुणी सांगितलं? बाळाला काही झालं तर जबाबदार कोण? इमारतीभर जिचा शब्द चालायचा ती बाई मांडीवरची पर्स घट्ट धरून मान खाली घालून बसली. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यावर एक गुटगुटीत बाळ होतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि मी ते बोलले नाही. आज हे लिहितानाही माझे कान तापतात.

गोळ्या मी त्याच दिवशी थांबवल्या. झोप गेली, शिंका परत आल्या, सासऱ्यांच्या चपला पुन्हा निघू लागल्या. पण बाळाची धास्ती काही जाईना. चौथ्या दिवशी पर्समध्ये ती पट्टी घालून मी एकटीच डॉक्टरबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पट्टी उजेडात धरून वाचली. किती दिवस, रोज किती, ते विचारलं. मग मला झोपवून पोटावर नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. "ठोके चांगले आहेत," त्या म्हणाल्या, आणि मी तिथेच रडले. या एका गोळीत तीन औषधं आहेत, त्यातलं एक मी तुम्हाला दिलंच नसतं, असं त्यांनी सांगितलं. पुन्हा शिंपल्यासारखं तोंड मिटून बसू नका, म्हणाल्या. पाणी उकळून कोमट करायचं, त्यात चिमूटभर मीठ घालून नाक धुवायचं. सकाळी गवताकडची खिडकी बंद. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायचं. बाहेरून आलं की तोंड धुवायचं, साड्या घरात वाळवायच्या. एवढं करूनही भागलं नाही तर माझ्याकडे या, कुठली गोळी आणि किती, ते मी ठरवेन. मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "सासूबाईंना खरं काय ते सांगा. मी त्यांना उगाच बोलले. अर्धा कप काढ्यानं कुणी असं झोपत नाही."

घरी येईपर्यंत मी वाक्य जुळवत होते. "आई, तुमचा काढा नव्हता, मीच गोळ्या घेत होते." सोपं होतं. दार उघडंच होतं. गॅलरीत पत्र्याचा डबा रिकामा पडला होता आणि कोपऱ्यात गवती चहाचं उपटलेलं बेट, मुळांना माती तशीच. "घरात असला की हात जातो," सासूबाई म्हणाल्या आणि मला पाणी आणायला आत गेल्या. मी पाणी प्यायले. वाक्य तसंच राहिलं.

खिडकी आणि मिठाच्या पाण्यानं शिंका निम्म्याहून कमी झाल्या, गोळी लागलीच नाही. निघण्याआधी सासरे स्वतःच ती खिडकी बंद करायचे. माघात मुलगी झाली, धडधाकट.

ती दोन वर्षांची असताना खालच्या मजल्यावरची मालवणची पोरगी वाटी घेऊन आली. तिला तिसरा महिना होता आणि नाक लाल झालं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सासूबाई तिला गावच्या बोलीत सांगत होत्या, "नको गो बाय. डॉक्टरणीक इचार. माझ्या काढ्यान हिका दिवसभर झोप येय. पोराक काय झाला असता तर मी खय तोंड दाखवतलंय?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "होय ना गो?"

हातात ट्रे होता. मुलगी माझ्या साडीला धरून उभी होती. मी म्हटलं, "होय."