खिडकी नसलेल्या भिंतीचा पडदा

इस्त्रीवालीच्या घरात पडदे दोन होते आणि खिडकी एकच. एक पडदा रस्त्याकडच्या खिडकीवर आणि दुसरा पलंगामागच्या भिंतीवर. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, तिकडेही खिडकी असेल, वारा नको म्हणून बंद ठेवली असेल. लोकांना तसंच वाटावं, अशी तिची इच्छा होती.

इमारतीत तिला मागून सगळे ‘फौजदारीण’ म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि कोण किती वेळा म्हणतं हेही माहीत होतं. कपड्यांचा गठ्ठा सोडला की ती आधी खिसे चाचपी, मग कॉलर उलटी करून बघे, मग वास घेई. शेवटची घडी घालेपर्यंत त्या घरातलं सगळं तिला कळलेलं असे. कोण चोरून सिगारेट ओढतो, कोण नव्या नोकरीच्या मुलाखती देत फिरतो, कोणाची उशी रोज ओली होते. पण ताकास तूर लागू देईल तर शपथ. माणसाच्या तोंडापेक्षा त्याच्या बाहीवर विश्वास ठेवावा, असं तिचं मत होतं.

तिचा नवरा नेमका उलटा. जन्मभर बसचा कंडक्टर होता, आणि “तिकीट काढलंय” असं कोणी म्हटलं की हा मान हलवून पुढे जायचा. त्यापायी साहेबांची बोलणी खाल्ली, पण स्वभाव काही बदलला नाही. निवृत्त झाल्यावर तो खिडकीशी बसून रस्त्यावरच्या सगळ्या जगाला ओळखीचं हसू वाटत असे. “अगं, माणसं चांगली असतात,” तो म्हणे. “असतील,” ती म्हणे, “माझ्याकडे त्यांचे कपडे येतात.”

आता त्या दुसऱ्या पडद्याचं. खालच्या मजल्यावर पूर्वी एक कुटुंब राहायचं. पावसात त्यांच्या भिंतीला ओल आली, म्हणून त्यांनी साधेपणाने मालकांना बोलावून दाखवली. मालकांनी भिंत पाहिली, घरात दोरीवर वाळत घातलेले कपडे पाहिले आणि म्हणाले, “घरातच एवढा दमटपणा करता, मग भिंतीने काय करायचं?” दुरुस्ती राहिली बाजूला, पुढच्या पावसाआधी त्या कुटुंबालाच घर सोडावं लागलं. जाताना त्यांचे कपडे हिनेच इस्त्री करून दिले होते. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला. दोरीवरच्या चार कपड्यांपायी त्यांची ही गत, तर जिच्या घरात दिवसभर पाणी शिंपडायचं आणि वाफ काढायची, तिला कोण विचारणार?

म्हणून वाऱ्याच्या पावसाने पलंगामागे पहिला डाग उमटला, तेव्हा तिने कोणालाही हाक मारली नाही. कोणी न्यायलाच न आलेला एक जाड पडदा गठ्ठ्यात पडून होता, तो खिळे ठोकून लावला. दर पावसात डाग वाढे. पाऊस सरला की ती दार लावून पोपडे खरवडे, चुना फासे आणि पडदा सोडे. मनात मात्र पाल चुकचुकत असे. ओल खरंच पावसाची, की आपल्याच वाफेची? ज्या बाईचा साऱ्या जगावर संशय, तिचा त्या भिंतीपुढे स्वतःवरही होता.

मग नवऱ्याला खोकला लागला. आधी पावसापुरता, नंतर पाऊस गेला तरी जाईना. पलंग त्याच भिंतीला लागून होता आणि तो भिंतीच्या बाजूला झोपे. हिला वाटलं, कोपऱ्यावरच्या मंडळींबरोबर हा लपून सिगारेट ओढायला लागला. तिने त्याचे शर्ट हुंगले. तंबाखूचा वास नव्हता. वास बुरशीचा होता, त्या भिंतीचाच. तिच्या नाकाने उभ्या आयुष्यात तिला दगा दिला नव्हता, पण त्या दिवशी तिने नाकावरच अविश्वास दाखवला आणि शर्ट पुन्हा धुवायला टाकले.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावर, त्याच रिकाम्या झालेल्या घरात, एक मास्तरीणबाई राहायला आल्या. त्यांनी पहिल्याच पावसात घरोघर फिरायला सुरुवात केली. “ताई, बाहेरची भिंत आणि छप्पर मालकांनी दुरुस्त करायचं असतं. भाडेकरूचा तो हक्क आहे. तक्रार केली म्हणून घर सोडा असं त्यांना म्हणता येत नाही. फक्त आपण वेळेवर सांगितलं पाहिजे. तपासायला पालिकेचा माणूस येणार आहे. तुमच्याकडे ओल आहे?”

“नाही बाई,” इस्त्रीवाली म्हणाली. “आमच्याकडे काही नाही.”

दार लावल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “फुकटात कोण कोणासाठी जिने चढतं हो? मालकांनीच पाठवली असणार, कोण कुरकुर करतं ते हेरायला.”

“अगं, शाळेत शिकवते ती.”

“मग? हेरांना शाळा वर्ज्य आहे?”

तपासनीस आला तेव्हा तिने पलंगावर कपड्यांचे ढीग असे रचले, की भिंतीपर्यंत कोणाचा हात पोचू नये. तो दारातच थांबला. “इथे काही?” त्याने विचारलं. नवऱ्याने तोंड उघडलं, पण त्याला उबळ आली. “जुना खोकला आहे,” ती घाईने म्हणाली. “भिंती चांगल्या आहेत.” तपासनिसाने मान हलवली आणि तो पुढच्या दाराकडे वळला. नवरा उबळ ओसरल्यावर पाणी प्यायला आणि खिडकीशी जाऊन बसला.

आणि चमत्कार म्हणा, तपासनिसाच्या अहवालावरून मालकांना दुरुस्ती करावी लागली. उघडीप मिळताच बांबूंची परांची उभी राहिली, गवंडी आले, जुना गिलावा खाली कोसळू लागला. ती गठ्ठा पोचवून परत येत होती. रस्त्यातून सहज वर पाहिलं. गिलावा काढलेल्या भिंतीत एक भेग मास्तरीणबाईंच्या घरापासून सरळ वर चढत गेली होती, थेट तिच्या पलंगामागे. म्हणजे वाफ नव्हतीच. पाऊसच आत येत होता. इतकी वर्षं ती स्वतःला उगाच गुन्हेगार समजत होती.

तिने गवंड्याला विचारलं, “वर कधी येणार?”

“वर काम नाही सांगितलेलं,” तो म्हणाला. “वरच्या खोलीत काही नाही म्हणे. इथवर बुजवायची आणि परांची उतरवायची.”

 ती तशीच जिना चढली. आता सांगावं, तर आधी खोटं बोललो हे उघडं पडणार, आणि मालक तेच धरून बसणार.

दुसऱ्या दिवशी खोकल्याने नवऱ्याला बसवेना, म्हणून ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती तपासली, पुन्हा तपासली आणि नळी कानातून काढून विचारलं, “घरात ओल आहे का? झोपता तिथली भिंत दमट आहे?”

ती शब्द जुळवत होती. तेवढ्यात नवराच बोलला. “छे हो डॉक्टर! ओल कसली? ऊन येतं आमच्याकडे, अगदी भरपूर.”

बोलून त्याने तिच्याकडे पाहिलं, जमलं ना, अशा नजरेने. मग तिच्या कानाशी वाकून कुजबुजला, “मालकही याच डॉक्टरांकडे येतात. बोलायची सोय नाही बघ.”

फुकट्या प्रवाशावरही ज्याने कधी शंका घेतली नाही, त्याला आता डॉक्टरांचा संशय येत होता, तोही छाती भात्यासारखी वर-खाली होत असताना. हे तिने शिकवलं होतं त्याला. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथल्या तिथे तोंड झाकून घ्यावंसं वाटलं.

“ओल आहे,” ती मोठ्याने म्हणाली. “पुष्कळ आहे. मीच झाकून ठेवलीय.”

“अगं, हळू!” नवरा म्हणाला.

“ऐकू दे कोणाला ऐकायचं ते.”

घरी परतल्यावर तिने त्याला खिडकीशी बसवलं, तो नको नको म्हणत असताना जिना उतरली आणि मास्तरीणबाईंचं दार वाजवलं. मास्तरीणबाईंनी हातात तपासायच्या वह्या घेऊनच दार उघडलं. इस्त्रीवालीने एका दमात सगळं सांगून टाकलं. पडदा, खोकला, तपासनीस, सगळं.

मास्तरीणबाईंनी वह्या खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, “अहो ताई, मी विचारायला आले होते, तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुमच्यावर विश्वास नव्हता.”

“आणि आता आहे?”

“आताही नाही,” इस्त्रीवाली म्हणाली. “पण परांची उतरायच्या आत वर चला, भिंत बघा.”