हॉलिसची पाच एकर

हॉलिसच्या त्या यंत्राला वीज मिळत असेल का, हा विचार लोरीनच्या डोक्यातून जाता जात नव्हता. भांडी विसळताना, ट्रेलरखालच्या पाण्याच्या पाइपाला थंडीसाठी चिंध्या गुंडाळताना, मुलीशी फोनवर बोलताना तो मध्येच येऊन उभा राहायचा. झोपेत हॉलिसचा श्वास अडकतो. नाकावर मुखवटा बांधून, हवा आत ढकलणारं एक छोटं यंत्र उशाशी लावून तो झोपतो. इथे माळावर होता तेव्हा ते सोलरच्या बॅटऱ्यांवर चालायचं. आता त्याचा ट्रेलर गावात, ट्रक दुरुस्तीच्या एका दुकानामागे, दोन उंच पत्र्याच्या शेडांमधल्या बोळात उभा होता. तिथे ऊन पोचत नाही आणि दुकानदार संध्याकाळी मेन स्विच बंद करून घरी जातो, असं गावाकडे पाणी भरायला गेल्यावर तिच्या कानावर आलं होतं.

हॉलिस तिथे का जाऊन पडला, हे सगळ्या माळावर एकट्या लोरीनला माहीत होतं.

हॉलिस पाइपलाइनवरचा वेल्डर. उभं आयुष्य त्याने ट्रेलरमध्ये काढलं. काम टेक्सासात निघालं की टेक्सास, डकोटात निघालं की डकोटा. पाइप टाकून झाले की ट्रेलर ओढत पुढे. बायकोने काही वर्षं त्याच्याबरोबर काढली, मग एका हिवाळ्यात बहिणीकडे म्हणून गेली ती तिकडेच राहिली. त्याबद्दल तो कधी वाकडं बोलला नाही. तिला झाड लावायचं होतं, एवढंच म्हणायचा, आणि ट्रेलरला कुठे झाड लावणार.

गुडघे गेले, काम सुटलं, तेव्हा त्याने ऍरिझोनाच्या या कोपऱ्यात पाच एकर जमीन घेतली, फोनवर फोटो बघून. फोटोत हिरवं गवत होतं आणि मागे झरा होता. तो फोटो कुठला होता देव जाणे. इथे लाल चिकण माती, खुरटी ज्युनिपरची झाडं आणि दिवसभर वारा. वीज नाही, नळ नाही, रस्ता म्हणजे गाड्यांनी पाडलेली वाट. दुसरा कुणी विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत परत गेला असता. हॉलिसने धातू शोधायचं यंत्र भाड्याने आणलं आणि सर्व्हेवाल्यांनी कधीकाळी पुरलेल्या चारही लोखंडी खुणा हुडकून काढल्या. त्यांना नारिंगी रंग दिला. मग एका खुणेशेजारी खुर्ची टाकून कॉफी प्यायला बसला. ही गोष्ट तो कुणालाही सांगायचा, आणि सांगताना दर वेळी थोडा लाजायचा.

पुढे त्याने एक फाटक बनवलं. जाड नळ्यांचं, सुबक जोडकामाचं, वर स्वतःचं नाव. कुंपण मात्र नव्हतं. उघड्या माळावर नुसतं फाटक उभं. येता-जाता तो ट्रकमधून उतरून ते उघडायचा, गाडी आत घ्यायचा, पुन्हा उतरून लावायचा, गुडघे दुखत असले तरी. लोरीन शेजारच्या जमिनीवर नवीन आली होती तेव्हा तिने हसत विचारलं होतं, की कुंपण कुठाय.

"कुंपण गायींसाठी लागतं, लोरीनबाई," तो म्हणाला. "फाटक माणसांसाठी. फाटक दिसलं की माणूस थांबतो, विचारतो, येऊ का म्हणून."

लोरीन ओहायोची. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केलेली, नियम वाचून मग पाऊल टाकणारी. नवरा ग्लेन निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं, मोठा ट्रेलर घेतला आणि बारमाही रस्त्यावर राहू लागली. उन्हाळ्यात कुठल्या तरी कॅम्पग्राउंडवर होस्ट म्हणून देखरेखीचं काम करायचं, म्हणजे जागा फुकट. हिवाळ्यात दक्षिणेला उतरायचं. ग्लेन गेला तोही अशाच एका कॅम्पग्राउंडवर, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मुलीने हळूच विचारलं की जागा पुढे वाढवायची आहे का. त्या प्रश्नानंतर लोरीनला वाटायला लागलं, की जिथून कुणी उठवणार नाही असा एक तुकडा तरी आपला असावा.

मुलीला, टेसला, हे खूळ वाटलं. "आई, तुझ्या वयाच्या बायका फ्लॅट घेतात," ती म्हणाली होती. "तू वाळवंट घेतलंस."

तो टोमणा लोरीनला लागला. म्हणूनच तिने सगळं नियमाने केलं. जमीन घेण्याआधी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात फोन केले, परवाने काढले, ट्रेलर आणायच्या आधी मैल्याची टाकी पुरून तपासून घेतली. माळावर तशी टाकी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. बाकीचे आपापल्या ट्रेलरची टाकी भरली की गावात नेऊन रिकामी करत, किंवा बादल्यांवर भागवत. पुरलेली टाकी नसेल तर ट्रेलरमध्ये राहायचं नाही, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. तक्रार आल्याशिवाय काउंटीचा माणूस या रस्त्याला फिरकत नाही, हेही ठाऊक होतं. म्हणून काही झालं तरी काउंटीला फोन करायचा नाही. हे लोरीनला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायला लागेल असं कुणाला वाटलंच नाही.

ती आली त्या दिवशी तिचा ट्रेलर चिखलात आसापर्यंत रुतला होता. हॉलिसने तो काढला. चाकांखाली फळ्या सरकवून, साखळी लावून, मध्येच थांबून गुडघे चोळत. नंतर ट्रेलर समतल करून दिला आणि पैशांचं नाव काढल्यावर तिच्याकडून फक्त एक बशी मक्याचा पाव घेतला.

उन्हाळा सरता सरता टेसने कळवलं की ती बाळाला घेऊन आठवडाभर येतेय. नातीचं नाव जुनी. ती अजून वर्षाचीही नव्हती, आणि जरा खुट्ट झालं की उठायची. त्याच दिवसांत हॉलिसचा जनरेटर अंधार असतानाच घरघरायला लागला होता. लोरीन अंथरुणात पडून तो ऐकायची आणि तिच्या डोळ्यांपुढे टेसचा चेहरा यायचा: झोप न झालेला, काही न बोलणारा, "म्हटलं नव्हतं?" असा.

हॉलिसला जाऊन सांगणं सोपं होतं. हाकेच्या अंतरावर तर होता. पण कॅम्पग्राउंडवर शेजाऱ्याला असं तोंडावर सांगत नाहीत. तिथे कुणाचा जनरेटर अवेळी चालला, कुणाचा कुत्रा भुंकला, तर होस्टला सांगायचं. होस्ट हसतमुखाने जातो, कुणाचं नाव घेत नाही, काम होतं, आणि सकाळी दोघे शेजारी एकमेकांना हात करतात. लोरीनने स्वतः कितीतरी उन्हाळे ते काम केलं होतं. तीच सभ्यता, असं तिला मनापासून वाटायचं. तिने काउंटीला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली. तुमचं नाव सांगायची गरज नाही, म्हणाली. लोरीनने फक्त आवाजाचं सांगितलं. बाकी एक अक्षर नाही.

काउंटीकडून आलेल्या माणसाला आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याने चारी बाजूंनी हिंडून टाकी कुठे पुरली आहे ते पाहिलं. ती नव्हतीच. ट्रेलरच्या दारावर लाल कागद चिकटवला आणि महिनाअखेर जागा सोडायला सांगितलं. गावाबाहेर पैसे टाकून पाणी भरायचा नळ आहे, तिथे सगळे भेटतात. तिथे हॉलिसने हे सांगितलं, आणि सांगताना कागदापेक्षा त्याला दुसरंच काही टोचत होतं. "बाजूने आत आला," तो पुनःपुन्हा म्हणाला. "फाटक होतं ना समोर. बाजूने आला."

तक्रार कुणी केली, यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. पावसाळ्यात ओल्या चिकणमातीवरून गाडी नेली की चाकोऱ्या पडतात आणि वाळून दगडासारख्या होतात, म्हणून रस्ता सुकेपर्यंत जो तो घरी बसून राहतो. हॉलिस त्या जुलैत एकदा ओल्यातच गेला होता. रस्ता दुरुस्त करायचा एलादिओ, माळावरचाच एक शेजारी, ट्रकमागे लोखंडी रूळ बांधून ओढत. त्याने नळावर चारचौघांत हॉलिसला झापलं होतं, की माझ्या रस्त्याची वाट लावलीस, तुला इथून हाकलायला हवं. दोघं जुने दोस्त. एकमेकांना म्हातारा, खेचर, काय काय म्हणायचे. तेव्हा सगळे हसले होते. आता ते वाक्य सगळ्यांना आठवलं.

लोरीन आपली टाकी भरत उभी होती. तिने मान वर केली नाही. आणि त्यानंतर इतरांनी एलादिओशी बोलणं सोडलं तेव्हा तिनेही सोडलं. तो समोरून आला की ती नळाकडे वळायची. कुणी तिला तसं करायला लावलं नव्हतं. आपण वेगळं वागलो तर कुणाला शंका येईल, एवढंच तिच्या मनात होतं, आणि ते आठवलं की आजही तिचे कान तापतात.

हॉलिस निघाला त्या दिवशी ती सामान बांधायला गेली. न जाऊन कसं चालेल? एक खोकं तिने उचललं, तर तो म्हणाला जपून, माझा श्वास आहे त्यात. मग यंत्राचं सगळं सांगितलं.

"बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात माझ्यासारख्या," तो म्हणाला. "पहाटेपर्यंत दम धरत नाहीत. मग जनरेटर लावायचो. तुमच्यापर्यंत आवाज यायचा का हो?"

लोरीन म्हणाली, थोडासा.

"सांगायचं की मग. पलीकडच्या घळीत नेऊन ठेवला असता."

तिने खोकं ट्रकमध्ये ठेवलं आणि दुसरं आणायला वळली, कारण त्याच्यासमोर उभं राहणं शक्य नव्हतं.

नंतर टेस आली. जुनी रात्रभर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस कप घेऊन पायरीवर बसली, लांबवर बघत राहिली आणि म्हणाली, "किती शांत आहे गं इथे. मला उगाच काळजी वाटत होती." लोरीनला हेच तर ऐकायचं होतं, उन्हाळाभर. तिने मान डोलावली आणि बाळाला कडेवर घेऊन ट्रेलरच्या मागे गेली.

थंडी पडली तशी हॉलिसची बातमी येणं कमी झालं. मग एका दुपारी एलादिओ स्वतः तिच्या दाराशी आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. टोपी हातात धरून बाहेरच उभा राहिला. म्हणाला, हॉलिस जमीन विकतोय. फोनवर चकचकीत फोटो टाकून माळाचे तुकडे विकणारा एक जण आहे, त्यालाच. शुक्रवारी सह्या आहेत.

"टाकीचं मी बघतो म्हणून निरोप धाडला," एलादिओ म्हणाला. "खड्डा मी खणतो, माझ्याकडे यंत्र आहे. तोवर काउंटीकडे वर्षभराची मुदत मागता येते. पण तो माझा फोन उचलत नाही. ज्याने माझ्याशी दगा केला त्याच्या शेजारी राहायचं नाही, म्हणतो."



"मी रागावतो, शेजारीणबाई," तो पुढे म्हणाला. "मी शिव्यासुद्धा देतो. पण काउंटीला फोन? माझी स्वतःची कुठाय टाकी? तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं तो ऐकेल. त्याला एवढंच सांगा की एलादिओने केलं नाही."

त्याने हॉलिसचा नवा नंबर तिला लिहून घ्यायला लावला. ती कॉफी ओतायला आत गेली, तर तो नको म्हणाला आणि ट्रकमध्ये बसला. नळावरच्या लोकांसारखीच हीसुद्धा, असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्याला तिच्याबद्दल अजून भरवसा होता. तेच तिला सहन होईना.

फोनला रेंज मागच्या टेकाडावरच मिळते. चढताना लोरीन मनाशी बोलणं जुळवत होती, आणि जुळवता जुळवता तिला आपलीच चलाखी दिसत गेली. हॉलिसला सांगायचं की माझ्या जमिनीवर परवान्याची टाकी आहे, तुझा ट्रेलर इकडे आणून लाव, बॅटऱ्यांना भरपूर ऊन मिळेल. तो येईल. सही करणार नाही. एलादिओने केलं नाही अशी माझी खात्री आहे, हेही सांगता येईल. सगळं नीट होईल आणि कुणाला काही कळणार नाही. हॉलिस तिचे उपकार मानेल. रोज सकाळी हात करेल. पुन्हा मक्याचा पाव मागेल.

ती मध्येच थांबली. दम लागला होता, पण त्यासाठी नव्हे. हे असंच ती करत आली होती. होस्टला सांगायचं, नाव घ्यायचं नाही, सकाळी हात करायचा. आणि हॉलिस विचारणारच, तुमची खात्री कशावरून? मग ती काय सांगणार होती? तो तिच्या अंगणात राहून एलादिओकडे पाठ फिरवणार, आणि ती रोज ते बघत कॉफी पिणार.

खरं ऐकल्यावर तो कदाचित विकेलच. कदाचित शुक्रवारची वाटही बघणार नाही. नळावर उद्या तिच्याकडे पाठी वळतील, टेसच्या कानावर जाईल, आणि या माळावर तिला उठवायला कुणाला लाल कागद लागणार नाही. हे सगळं तिने एकदा सरळ समोर धरून पाहिलं. पण जागेचं आधी बोललं तर तक्रारीचं पुन्हा राहून जाईल, एवढी ती स्वतःला ओळखून होती.

टेकाडावर वारा भणाणत होता. तिने जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली, वाऱ्याकडे पाठ केली आणि ठरवलं: आधी सांगायचं, मी लोरीन, तक्रार मी केली होती. मग तो जे म्हणेल ते ऐकायचं. त्याने फोन ठेवला तर पुन्हा लावायचा.

तिने नंबर लावला.