चिमीचा तक्ता आणि मावशी

शाळेतल्या मदतनीस मावशी तोंडाच्या भारी फटकळ. अर्धांगवायूनं सासूबाईंची वाचा गेली, तेव्हा सात वर्षं मावशींनी नुसत्या नजरेवरून त्यांचं सगळं केलं होतं. "वाचा गेली, टोमणे कुठे थांबले?" असं त्या हसत सांगायच्या. त्यामुळे चाकाच्या खुर्चीतली, अजिबात न बोलणारी चिमी चौथीच्या वर्गात आली, तेव्हा तिची जबाबदारी घ्यायला मावशी जराही डगमगल्या नाहीत.

त्यांनी पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यावर साठ चित्रं चिकटवली. वस्तू, त्या कशा आहेत ते, क्रिया, रंग, चवी, आकडे, झालंच तर शाळेतल्या शिक्षकांचे फोटो. तक्ता दोघींच्या मधे धरायचा आणि चिमीची नजर थांबेल त्या चित्राचं नाव मोठ्यानं म्हणायचं. तिनं डोळे घट्ट मिटले की बरोबर. पदरचा एक शब्दही घालायचा नाही, हा मावशींचा नियम. तो पाळताना त्यांच्या जिवाचं काय होत असेल, ते त्यांनाच ठाऊक.

चिमीची गणितं भराभर बरोबर यायला लागली, तशी मुख्याध्यापिका मोठ्या बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. उत्तरं मावशीच देत असणार!

"हिला दुसऱ्या शाळेत पाठवू या. इथे हिला काय कळणार?" त्या मावशींना म्हणाल्या. चिमी समोरच होती.

मावशींचं डोकंच फिरलं. "पाठवा की! पण आधी परीक्षा घ्या. तिला तुमच्या खोलीत न्या, काहीही दाखवा. मी बाहेर थांबते. मग तिलाच विचारू."

दहा मिनिटांनी मावशींना आत बोलावलं. टेबलावर दुसऱ्या शाळेचा अर्ज भरून तयार होता. मावशींनी तक्ता धरला.

"छत्री," त्या म्हणाल्या. चिमीनं डोळे मिटले. "लाल." मिटले. "मोडकी." मिटले.

मोठ्या बाईंनी कपाटातून काडी मोडलेली लाल छत्री काढली. "अंदाजानंही जमतं हो एखाद्या वेळी," त्या पुटपुटल्या.

चिमीचं मात्र संपलं नव्हतं.

"मोठ्या बाई," मावशींनी वाचलं. "खाणं. गोड." आणि त्या अडखळल्या. बाईंना मधुमेह, साखर पूर्ण बंद, हे अख्ख्या शाळेला माहीत होतं. आता हातातोंडाशी आलेला घास जातो की काय! सोडून द्यावं का पुढचं चित्र? पण नियम म्हणजे नियम.

"दोन," त्यांनी वाचलं. चिमीनं डोळे गच्च मिटले.

मोठ्या बाईंची नजर टेबलाच्या खणाकडे गेली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या त्या. या मुलीसमोर दोन पेढे तोंडात टाकताना त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ही कुणाला सांगणार?

त्यांनी अर्ज उचलला, फाडला आणि टोपलीत टाकला. मग मावशींना ओलांडून त्या चिमीच्या खुर्चीपाशी गेल्या, वाकल्या आणि पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलल्या.

"कुणाला सांगू नकोस हं."