उजवीकडून झिजलेलं उलथणं

आमच्या भागातल्या संग्रहालयात दागिने आहेत, पैठण्या आहेत, कोरीव दारं आहेत. मी मात्र त्या दिवशी स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी खिळून राहिले. काचेमागे लोखंडी उलथणी ओळीनं टांगलेली होती आणि कढया खरवडून खरवडून जवळजवळ सगळ्यांची डावी कड झिजलेली होती. उजव्या हातानं खरवडलं की तीच कड घासते. एकाच उलथण्याची उजवी कड झिजली होती.

"आई, हे बघा ना," मी सासूबाईंना हाक मारली. "ही बाई माझ्यासारखी डावखुरी होती!"

तिचं नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. पंगतीत तिनं उजव्या हातानंच वाढलं असणार, नाहीतर कुणीतरी दटावलं असतं. पण चुलीपुढे एकटी असताना तिचा हात तिचा होता. लोखंड झिजेपर्यंत किती पिठली खरवडली असतील तिनं! शेजारच्या दालनात तलवारी लखलखत होत्या, पण त्या कुणी कशा धरल्या, ते त्यांच्यावर कुठं उमटलं होतं?

लग्न झाल्यापासून मला "अगं, उजव्या हातानं वाढ" म्हणत आलेल्या सासूबाई काचेच्या अगदी जवळ गेल्या. मग त्यांचा डावा हात नकळत वर आला, मनगट वळलं, आणि तो हात सराईतपणे हवेतल्या कढईचा तळ खरवडू लागला.